बोलावलं, नको म्हणाल्या

स्टेनबर्ग, विस्कॉन्सिन
रविवार, १२ जानेवारी २०१४

प्रिय आर्डिस मावशी,

तुझं नाताळचं कार्ड आणि संत्र्यांची पेटी पोचली. वरची चार संत्री वाटेतच गोठली होती, उरलेली केलीने दोन दिवसांत संपवली. साखर वाढली म्हणून मी ओरडले, तर पोरगी म्हणाली, आजीने अ‍ॅरिझोनाहून पाठवलेली टाकायची का? फोन करणार होते, पण तुझ्या कानांपुढे फोनचा काय उपयोग, म्हणून पत्रच बरं.

इथल्या थंडीचं बातम्यांत बघितलं असशीलच. मंगळवारी सकाळी शून्याखाली तेवीस. वृद्धाश्रमातली निम्मी माणसं कामावर आलीच नाहीत. जेवणघरातला पाइप फुटला. माझ्या दारावर ‘कार्यक्रम संचालक’ अशी तुझीच जुनी पाटी आहे, पण त्या दिवशी मी चार तास फरशी पुसत होते.

आता वाईट बातमी. दोनशे चौदा नंबरच्या खोलीतल्या युनिस हाल्व्हर्सन गेल्या. तू त्यांना ओळखतेस. कागद गिरणीत एकतीस वर्षं रात्रपाळी केलेल्या, शुक्रवारच्या तळलेल्या माशांशिवाय खाली न येणाऱ्या. गुरुवारी आठवड्याच्या गोळ्यांची डबी भरायला नर्स गेली, तेव्हा त्या न्हाणीघराच्या दारात पडलेल्या सापडल्या. खुबा मोडला होता. अंग गार झालं होतं.

कुणाला शंका आली नाही, कारण पद्धत तुझ्या वेळचीच आहे. रात्री झोपताना प्रत्येकाने आपली पाटी दाराबाहेर अडकवायची, सकाळी नऊच्या आधी आत घ्यायची. नऊनंतर बाहेर दिसली तरच दार ठोठावायचं. युनिस यांच्या दारावर पाटी नव्हती.

शुक्रवारी राज्याच्या खात्याची तपासनीस बाई आली. आमचा मॅनेजर कर्टिस याने तिच्यापुढे माझी कार्यक्रमांची वही ठेवली. त्यात युनिस यांच्या नावापुढे होतं, मंगळवारी दोनला बिंगो: बोलावलं, नको म्हणाल्या. बुधवारी दोनला प्रार्थनागीतं: बोलावलं, नको म्हणाल्या. डॉक्टर नेमकी वेळ सांगायला तयार नव्हते. वहीवरून सगळ्यांनी बुधवारची रात्र धरली. युनिस यांची मुलगी मार्लिस टकोमाहून फोनवर रडत होती. “म्हणजे तिला फार वेळ पडून राहावं लागलं नाही. तू आदल्या दिवशी बोललीस तिच्याशी, जोलीन. फार बरं वाटलं ऐकून.” कर्टिसने माझ्या खांद्यावर थाप मारली.

फक्त शेजारच्या लव्हर्न पिट्झ काहीबाही बोलतायत. म्हणतात, मंगळवारी दुपारपासून भिंतीवर टकटक ऐकू येत होती. त्याहून विचित्र म्हणजे, मंगळवारी बिंगो झालाच नाही म्हणतात. तपासनीस बाईने त्यांना विचारलं, राष्ट्राध्यक्ष कोण आहेत? तर म्हणाल्या, “मी त्याला मत दिलेलं नाही, मी कशाला नाव घेऊ?” बाईने काहीतरी लिहून घेतलं.

केली बरी आहे. तू जप.

तुझी,
जोलीन


मेसा, अ‍ॅरिझोना
१९ जानेवारी

प्रिय जो,

युनिसचं ऐकून वाईट वाटलं. १९९९ मध्ये मी तिला बिंगोला ये म्हणाले होते. ती म्हणाली, “आर्डिस, मी एकतीस वर्षं भोंग्यावर जेवले, आता तू घंटा वाजवू नकोस.” त्यानंतर मी तिच्या दाराशी फारशी गेले नाही.

वही नीट ठेवलीस हे चांगलं केलंस. मी तुला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की पत्ते, फुगे, केक, सगळं विसरलीस तरी चालेल, वही विसरू नकोस. तू दाराशी गेली होतीस की नाही, हे मी विचारत नाही. तूही सांगू नकोस. पत्रात तर नकोच.

लव्हर्नचं मनावर घेऊ नकोस. मैत्रीण गेली की भिंतीतून आवाज येतात. आठ-पंधरा दिवसांत विसरेल.

माझं ठीक आहे. आईसाठी म्हणून रॉजरने माझ्या खोलीत दिवा बसवून दिलाय. बाहेरून कुणी घंटी दाबली की तो लुकलुकतो. नाताळपासून दोनदा लुकलुकला, दोन्ही वेळा पिझ्झावाला खोली चुकला होता. माझ्या या वृद्धाश्रमातली कार्यक्रमांची मुलगी, टेस, गोड आहे. निदान माहितीपत्रातल्या फोटोत तरी.

तुझी,
आर्डिस मावशी


स्टेनबर्ग
२७ जानेवारी

प्रिय मावशी,

तू सांगू नकोस म्हणालीस, पण मी सांगणार आहे. दुसऱ्या कुणाला सांगू?

मी दाराशी गेले नव्हते. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. तू शिकवलंस तसं, जे कधीच येत नाहीत त्यांचं पान मी जेवणाआधीच भरून टाकते. त्या मंगळवारी घाईत मी सगळंच पान भरलं. बिंगोला नेहमी लव्हर्न आणि तेच अकरा जण येतात, म्हणून त्यांचीही हजेरी लावली. मग पाइप फुटला आणि बिंगो रद्द झाला. लव्हर्न खरं बोलतायत. कुणीतरी त्यांना कळवायला विसरलं होतं. त्या एकट्या खाली येऊन, समोर बिंगोचं कार्ड ठेवून, अर्धा तास बसल्या होत्या. बाकीच्या अकरा जणांना तो कुठला वार होता हे आता सांगता येत नाही.

आणि टकटकही खरी होती. चार वाजता लव्हर्न खाली आल्या आणि शेल्बीला म्हणाल्या, “युनिस भिंत ठोकतेय, कुणीतरी बघा.” शेल्बी स्वागताच्या टेबलाशी एकटी होती, तीन फोन वाजत होते. तिने माझी वही उघडली आणि म्हणाली, “दोनला बिंगोला नको म्हणाल्यात की त्या. जोलीन बोललीय त्यांच्याशी. खिळा-बिळा ठोकत असतील.” लव्हर्न परत वर गेल्या.

मी युनिस यांच्या गोळ्यांची डबी पाहिली, मावशी. सोमवारचा कप्पा रिकामा. मंगळवारचा भरलेला. बुधवारचाही भरलेला. मी ती कर्टिसला दाखवली. तो म्हणाला, “म्हातारी माणसं गोळ्या विसरतात.” मी म्हटलं, बिंगो झाला नव्हता, कर्टिस. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “तुझ्या वहीत झालाय.”

पाटीचंही सांगते. युनिस दुपारपर्यंत झोपायच्या. नऊला कुणी दार ठोठावलं की शिव्या द्यायच्या. म्हणून गेली तीन वर्षं लव्हर्नच रोज साडेआठला त्यांची पाटी काढून दाराखालून आत सरकवायच्या. हे मला माहीत होतं. मला त्यात गंमत वाटायची. मंगळवारीही त्यांनी सरकवली. मग युनिस यांनी ती पुन्हा बाहेर लावलीच नाही, आणि पाटी नाही म्हणजे सगळं ठीक असा आपला नियम. नर्सने दार उघडलं तेव्हा पाटी तिच्या पायाखाली आली.

आता खरं कारण, ज्यासाठी लिहितेय. तपासनीस बाईच्या कागदात लव्हर्नबद्दल ‘गोंधळलेल्या, न घडलेल्या गोष्टी आठवतात’ असं आलंय. ग्रीन बेचा त्यांचा पुतण्या डेल याने सही केली. चौदा फेब्रुवारीला त्यांना खालच्या, स्मृती गेलेल्यांच्या बंद विभागात हलवणार. मी एक वाक्य बोलले तर हे थांबेल. काल त्या जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, “पोरी, माझं डोकं ठिकाणावर आहे ना? तूच सांग. इथे तू एकटीच आहेस जी खरं लिहून ठेवते.”

मी काय करू?

जोलीन


मेसा
३ फेब्रुवारी

जो,

तुझं पत्र वाचून जाळलं. म्हणजे जाळणार होते, पण इथे काडी ओढली की छपरातून पाणी पडतं. फाडून कमोडमध्ये टाकलं.

आता नीट ऐक. तू बोललीस तर काय होईल? तुझी नोकरी जाईल. त्याबरोबर विमा जाईल, म्हणजे केलीचं इन्सुलिन. तुझं नाव खात्याच्या यादीत चढेल आणि या धंद्यात तुला कुणी फुगेसुद्धा फुगवू देणार नाही. कर्टिसला काही होणार नाही. कर्टिसांना कधी काही होत नाही.

आणि मार्लिस? तिला वाटतंय आई रात्रीत गेली. तू तिला काय देणार आहेस? दोन दिवस.

आणि लव्हर्न. तिचा तर तू विचारच केलेला नाहीस. आज ती वेडी ठरलीय. उद्या शहाणी ठरली, तर तिला कळेल की युनिसची पाटी तिने स्वतःच्या हाताने आत सरकवली तेव्हा युनिस पलीकडे पडली होती. त्यापेक्षा खालचा विभाग बरा. तिथे खिडकीतून तळं दिसतं, सूप गरम मिळतं.

सव्वीस वर्षं मी तीच वही लिहिली आणि माझ्यामुळे एकाच्याही केसाला धक्का लागला नाही. तुझं नशीब फुटकं, एवढंच. शांत राहा. व्हॅलेंटाइनच्या नाचाची तयारी कर. गुलाबी क्रेप कागद कपाटात वरच्या खणात ठेवलेला आहे, मी गेले तेव्हा दोन गुंडाळ्या होत्या.

मावशी


स्टेनबर्ग
१७ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

क्रेप कागद सापडला. मी शांत राहिले.

चौदा तारखेला सकाळी डेल गाडी घेऊन आला. लव्हर्न यांची आरामखुर्ची खाली नेली, बाकीचं सामान गाडीत. खालच्या खोलीत कपाट एकच असतं. दुपारी वर जेवणघरात नाच झाला. चौदा जण आले. हे मी मोजून लिहिलंय, खरोखर मोजून.

आज मी त्यांना भेटायला गेले. दाराशी आकडे दाबावे लागतात, तेव्हाच ते उघडतं. त्या खिडकीपाशी होत्या. तू म्हणालीस तसं तळं दिसतं. म्हणजे बर्फ दिसतो.

मला वाटलं, भांडतील. माझी सुटका तरी होईल. तर त्यांनी माझा हात धरला.

“पोरी, बुधवारी तू युनिसशी बोललीस, नाही का?”

मी खिडकीबाहेरच्या बर्फाकडे पाहिलं.

“डेल म्हणतो, वहीत लिहिलंय. नको म्हणाली ती. बरोबर आहे, ती नकोच म्हणणार. कशी म्हणाली? चिडून?”

मी मान हलवली. मावशी, मी हो म्हणून मान हलवली.

“मग ती टकटक मला स्वप्नातच ऐकू आली असणार. फार बरं झालं गं. मला काय वाटत होतं सांगू? मंगळवारी मी पाटी सरकवली ना, तेव्हा ती तिथे खाली होती आणि दाराच्या फटीतून तिला माझी बोटं दिसत होती. महिनाभर मला तेच दिसतंय. पण बुधवारी ती तुझ्याशी बोललीय म्हटल्यावर, मी नुसती म्हातारी झालेय. एवढंच ना?”

मी म्हटलं, “कॉफी आणू का?”

त्या म्हणाल्या, “आण. इथे पाणचट देतात.”

म्हणजे तुझंच बरोबर होतं. त्या सुखात आहेत. तू म्हणालीस तसंच झालं सगळं. मग मी गाडीत बसून चाळीस मिनिटं चावी का लावली नाही, ते मला कळत नाही.

जोलीन


मेसा
२६ फेब्रुवारी

प्रिय जो,

सोमवारी इथे माझी तिमाही बैठक झाली. रॉजर, नर्स, मी आणि टेस. टेस मला पहिल्यांदाच समोरासमोर दिसली. फोटोपेक्षा लहान आहे, दात फार सुंदर. रॉजरने माझ्यासाठी सगळं कागदावर लिहून घ्यायला सांगितलं. टेसने आपलं पान माझ्यापुढे सरकवलं. जानेवारी महिना. एकतीस दिवस, एकतीस ओळी. बोलावलं, नको म्हणाल्या. बोलावलं, नको म्हणाल्या.

रॉजर माझ्याकडे वळून मोठ्याने, तोंड उघडून उघडून म्हणाला, “आई, जरा मिसळत जा ना लोकांत. ही बिचारी रोज येते.”

मी टेसकडे पाहिलं. ती लाजली नाही. तिच्या दृष्टीने ती काही खोटं बोलत नव्हती. ती वही ठेवत होती. जो, तिचा चेहरा अगदी माझा होता.

मी म्हटलं, “मी बहिरी आहे, घंटी ऐकू आली नसेल.” तिला वाईट वाटू नये म्हणून. पण त्या पिझ्झावाल्याखेरीज तो दिवा जानेवारीत एकदाही लुकलुकलेला नाही. मी महिनाभर त्याच्याकडे तोंड करून बसले होते. एकतीस दिवस. कुणी बोलावलं असतं तर मी बिंगोलासुद्धा गेले असते.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. केसाला धक्का लागला नाही म्हणून. १९९१ च्या मार्चमध्ये हर्मन क्रुगर शनिवारी गेला. मी शुक्रवारीच सोमवारपर्यंतचं पान भरून ठेवलं होतं. मेलेल्या माणसाला मी दोन दिवस पत्ते खेळायला बोलावलं, आणि दोन दिवस तो नको म्हणाला. ते पान मी फाडलं, नवीन लिहिलं आणि पुढच्या आठवड्यापासून पुन्हा तसंच. त्याच वर्षी मला उत्तम कामाचं मानपत्र मिळालं. मग मी तुला शिकवलं.

काल मी मॅडिसनला राज्याच्या खात्याला पत्र टाकलंय. वही कशी भरली जाते, ती कुणी सुरू केली, आणि लव्हर्न पिट्झ खरं बोलतेय, हे सगळं लिहिलंय. तुझं नावही त्यात आहे, कारण त्याशिवाय लव्हर्नची सुटका नाही. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर आपण दोघींनी आणखी सहा महिने पत्रं लिहिली असती. केलीच्या औषधाचं मी रॉजरशी बोललेय. वर्षभर तो बघेल. पुढचं पुढे.

पत्र पोचायला तीन दिवस, कुणीतरी उघडायला आठवडा. त्याआधी तू खाली जा. लव्हर्नला तपासनीस बाईकडून कळू देऊ नकोस. खुर्ची घेऊन समोर बस. ती काय म्हणेल ते म्हणू दे. उठून कॉफी आणायला जाऊ नकोस.

आर्डिस मावशी


स्टेनबर्ग
रविवार, १६ मार्च

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचलं त्या दिवशी तुझा इतका राग आला की उत्तर लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी खाली गेले. खुर्ची घेऊन समोर बसले.

मी सगळं सांगितलं. बिंगो, वही, चार वाजता शेल्बी, गोळ्यांची डबी. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, “मग मी वेडी नाही?”

“नाही.”

“मंगळवारी साडेआठला ती जिवंत होती?”

“हो. असणारच.”

“आणि चारलाही?”

“हो.”

त्यांनी आपले हात उचलून पाहिले, पुढून, मागून. मग म्हणाल्या, “तीन वर्षं मी तिची झोप राखली.” हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, “तू मान हलवली होतीस. त्या दिवशी. चिडून म्हणाली का विचारलं, तर तू मान हलवलीस.” मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, “आता जा.”

खात्याची माणसं पाच तारखेला आली. मार्लिसला त्यांनीच कळवलं. तिने मला फोन केला नाही. मी केला तर तिने उचलला आणि तसाच धरून ठेवला. तिचा श्वास ऐकू येत होता. मग ठेवला. कर्टिस म्हणाला, अशा वह्या भरल्या जातात याची त्याला कल्पनाच नव्हती. लव्हर्न यांच्या कागदावरचा शेरा काढला, पण त्यांच्या जुन्या खोलीत, दोनशे सोळामध्ये, आता अ‍ॅपलटनचं एक जोडपं राहायला आलंय. दुसरी खोली रिकामी होईपर्यंत त्यांना खालीच राहावं लागेल. रिकामी कशी होते ते त्यांनाही ठाऊक आहे. डेलला त्या आत घेत नाहीत. एक रिकामी होती, युनिस यांची दोनशे चौदा. कर्टिसने ती देऊ केली. हे त्याने खरंच केलं, मावशी. तोंडावर हसू ठेवून.

परवा माझा नोकरीचा शेवटचा दिवस होता. दुपारी दोनला बिंगो होता. मी सकाळी नऊला वही घेतली आणि एकशे एकपासून सुरुवात केली. प्रत्येक दार ठोठावलं, आतून उत्तर येईपर्यंत उभी राहिले. एकशे सातमधल्या आजोबांना दाराशी यायला अकरा मिनिटं लागली. ते म्हणाले, “काय झालं? कोण गेलं?” मी म्हटलं, कुणी नाही, बिंगोला येता का? तीन जणांनी मला आत बसवलं. एकीने विचारलं, तू नवीन का? मी इथे सात वर्षं आहे. दोन वाजले तेव्हा मी दुसऱ्या मजल्याच्या अर्ध्यावर होते. खाली अकरा जण बिंगोची कार्डं घेऊन बसले होते, त्यांना शेल्बीने परत पाठवलं. बिंगो झालाच नाही. वहीत तसंच लिहिलं.

सगळ्यात शेवटी खाली गेले. आकडे दाबले. लव्हर्न यांचं दार बंद होतं. मी ठोठावलं.

“कोण?”

“जोलीन. बिंगोला बोलवायला आलेय.”

खुर्ची करकरली. मला वाटलं, उठतायत. दाराखालच्या फटीत उजेड होता, त्यात पावलांची सावली येऊन थांबली. मी उभी राहिले. त्याही उभ्या होत्या, दाराच्या पलीकडे, हातभर अंतरावर.

मग आतून आवाज आला, अगदी स्पष्ट. मी वही भिंतीला टेकवली, त्यांचं नाव काढलं, आणि त्यापुढे जे घडलं तेच लिहिलं.

बोलावलं. नको म्हणाल्या.

तुझी,
जोलीन